बाँगची ओढ पुन्हा पुन्हा जड का होते: नव्या वापरकर्त्यासाठी तपासणीचा क्रम

ऑन्टारिओमधील किचनर शहरात कॅनबिसच्या एका दुकानात मी काउंटरमागे उभा असतो आणि "बिघडली आहे, बदलून द्या" म्हणून परत आणलेल्या बाँग, म्हणजे गांजाचा धूर पाण्यातून ओढण्याची साधने, तपासणे हा माझ्या कामाचा नित्याचा भाग आहे. त्यांतील काच क्वचितच दोषी निघते. दोष असतो तो पाण्याच्या पातळीत, छिद्रात साचलेल्या राळेत (धुराच्या चिकट काळ्या थरात) किंवा दोन-तीन डॉलरच्या रबरी कड्यात, आणि तो नीट शोधला नाही तर नवी बाँग घेऊनही आठवड्याभरात तीच तक्रार उभी राहते. म्हणून येथे आधी लक्षणे सांगून नंतर तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने मांडल्या आहेत. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण पहिल्या दोन तपासण्यांतच बहुतेकांचे काम होऊन जाते.

हे लेखन कॅनडात राहणाऱ्या सज्ञान वापरकर्त्यांसाठी आहे. येथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा बाळगणे व वापरणे कायदेशीर आहे; वयाची अट अल्बर्टात १८, क्वेबेकमध्ये २१ आणि ऑन्टारिओसह बहुतेक प्रांतांत १९ वर्षांची आहे. भारतात मात्र १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा जवळ बाळगणे आणि सेवन करणे दोन्ही गुन्हे आहेत. सुटीत पुण्याला किंवा नाशिकला जाताना वापरलेली बाँग सामानात टाकू नये, कारण तिच्या आतला काळा थर हाही गांजाचाच अंश असतो. कॅनडाची सीमा ओलांडून गांजा नेणे हा कॅनडाच्या कायद्यानेही गुन्हा आहे आणि जिथे जायचे ते अमेरिकेतील राज्य कितीही उदार असले तरी त्यात फरक पडत नाही.

लक्षणे

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी की ओढ जड झाली आहे, गाल आत जाईपर्यंत ओढले तरी बुडबुडे एकेक करून येतात आणि बाउलमधला, म्हणजे भरायच्या छोट्या वाटीतला, गांजा पेटत राहत नाही. तिच्या नेमकी उलटी तक्रार म्हणजे ओढ नको इतकी सैल आहे, हवा भरपूर येते, पण धूर विरळ असतो. काहींच्या तोंडात पाणी उडते, काहींच्या तोंडात राख आणि कण येतात. काहींना पहिल्याच झुरक्याला कुबट, ओल्या फडक्यासारखा वास येतो आणि घसा दिवसभर खवखवतो. काचेचा सांधा असा घट्ट बसतो की सुटत नाही. काचेवर पांढरट डाग पडतात आणि ते साबणाने किंवा अल्कोहोलने जात नाहीत. शेवटचे लक्षण म्हणजे टेबलावर बाँगच्या बुडाशी पाण्याचे कडे उमटते; ते दिसल्यास पुढचे सर्व सोडून थेट शेवटच्या भागाकडे जावे.

एकाच वेळी दोन-तीन लक्षणे दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. जड ओढ, कुबट वास आणि अडकलेला सांधा ही तिन्ही बहुधा एकाच राळेची करणी असते.

पहिली तपासणी: पाणी

पाण्याची तपासणी फुकट आहे आणि तीच सर्वाधिक वेळा टाळली जाते. आधी जुने पाणी ओतून द्यावे, बाँग आतून विसळावी आणि साधे गार पाणी भरावे. पाण्यात उतरणारी नळी, म्हणजे डाउनस्टेम, तिच्या टोकाला जे उभे काप किंवा भोके असतात ती पाण्याखाली सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर बुडतील इतकेच पाणी पुरते.

याचे कारण सरळ आहे. बुडबुडा बाहेर पडण्यासाठी छातीला निदान तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ मागे ढकलावा लागतो, जेवढे ते काप पाण्याखाली आहेत. काप दोन सेंटिमीटर खाली असतील तर दोन सेंटिमीटरचा भार; पाणी आणखी चार सेंटिमीटर भरले तर भार तिप्पट. मध्ये परकोलेटर असेल, म्हणजे धूर दुसऱ्यांदा पाण्यातून काढणारा काचेचा भाग, तर त्याच्या पाण्याचा भार यात मिळवावा लागतो. "जास्त पाणी म्हणजे जास्त गाळणी" या समजुतीने नवे लोक बाँग निम्मी भरतात आणि मग ओढ जड झाली म्हणून दुकानात येतात.

गाळणीविषयीचा हा गैरसमज आताच दूर केलेला बरा. पाण्याने धूर थंड होतो आणि काही राख व जड कण पाण्यात अडकतात, परंतु कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि टारचा, म्हणजे धुरातील चिकट डांबराचा, मोठा भाग बुडबुड्यांच्या आतून सुखरूप पार होतो. थंड धूर घशाला मऊ लागतो एवढाच त्याचा अर्थ. तो निरुपद्रवी झालेला नसतो. उलट मऊ लागतो म्हणून माणूस अधिक खोल ओढतो.

तोंडात पाणी उडत असेल तरी हीच तपासणी करावी. पाणी थोडे कमी करून, गांजा न भरता नुसती हवा ओढून पाहावी. नळीच्या गळ्यात बर्फ ठेवण्याची सोय असलेल्या बाँगमध्ये बर्फ वितळून पातळी चढते हे लक्षात ठेवावे आणि बर्फ टाकायचा असेल तर सुरुवातीलाच पाणी कमी घ्यावे. दोन कप्प्यांच्या बाँगमध्ये वरचा कप्पा तोंडाकडून भरावा, जास्तीचे पाणी आपोआप खाली उतरू द्यावे आणि खालचा कप्पा नंतर सांध्याच्या बाजूने भरावा. उलट क्रमाने भरल्यास वरचा कप्पा कोरडा राहतो किंवा खालचा तुडुंब होतो.

दुसरी तपासणी: न पेटवता तीन ओढी

ओढ अजूनही जड असेल तर साफसफाईला हात घालण्याआधी अडथळा नेमका कोठे आहे ते ठरवावे. यासाठी आगीची किंवा गांजाची गरज नाही, ताजे पाणी भरलेली बाँग पुरेशी आहे.

पहिली ओढ सर्व भाग जागेवर ठेवून, पण बाउल रिकामा ठेवून घ्यावी. ती हलकी लागली तर बाँग ठीक आहे आणि दोष भरण्याच्या पद्धतीत आहे. ती जड लागली तर बाउल काढून दुसरी ओढ घ्यावी. आता हलकी झाली तर बाउलचे छिद्र किंवा त्यातली जाळी तुंबली आहे. तरीही जड असेल तर डाउनस्टेम काढून तिसरी ओढ घ्यावी. आता हलकी झाली तर डाउनस्टेमचे काप बुजले आहेत. डाउनस्टेम काढूनही ओढ जड राहिली तर अडथळा वरच्या परकोलेटरमध्ये आहे. काही बाँगमध्ये ही नळी काचेलाच जोडलेली असते आणि निघत नाही. तिथे तिसऱ्या ओढीऐवजी पाणी पूर्ण काढून कोरडी ओढ घ्यावी. कोरडी हलकी लागली तर पाणी जास्त होते, कोरडीही जड लागली तर काचेतले काप बुजले आहेत.

या चाचणीवर मी इतका भर देतो याचे कारण असे की लोक संपूर्ण बाँग अल्कोहोलने भरून ठेवतात आणि खरा अडथळा बाउलच्या तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रात असतो, जो टूथपिकने निघाला असता.

बाउल आणि भरण्याची पद्धत

बाउलचे छिद्र लाकडी टूथपिकने किंवा पाइप क्लीनरने मोकळे करावे. लोखंडी तार किंवा पेपरक्लिप वापरू नये. तिने काचेवर आतून ओरखडा पडतो आणि पुढे तडा तिथूनच जातो. बाउल हातात काढून आणि पूर्ण गार झाल्यावरच हे करावे.

गांजा कॉफीच्या पुडीसारखा बारीक दळला तर तो छिद्रात बसतो किंवा सरळ पाण्यात उतरतो. ग्राइंडरच्या दोन-तीन फेऱ्यांनी निघणारा जाडसर भरडा योग्य असतो. तळाशी थोडा जाड तुकडा ठेवावा, वर भरडा सैल टाकावा आणि अंगठ्याने दाबू नये. गावाकडे चिलमीच्या तळाशी खडा ठेवतात तो ज्या कामासाठी, त्याच कामासाठी येथे स्टेनलेस स्टीलची किंवा काचेची जाळी मिळते. तोंडात राख येण्याची तक्रार तिने बहुधा मिटते. जाळी राळेने काळी झाली की धूत बसण्याऐवजी बदलावी, ती अगदी स्वस्त असते.

गांजा दमट असेल तर पेटत राहत नाही आणि माणूस जोर लावून ओढू लागतो, मग पाणी उडते. फार कोरडा असेल तर भुकटी होते आणि घशाला झोंबते. डब्यात आर्द्रता राखणारी ५८ किंवा ६२ टक्क्यांची पाकिटे मिळतात, त्यांपैकी एक टाकून ठेवल्यास हा प्रश्न राहत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला खोकला येतो तेव्हा तो बाँगला दोष देतो. बाँगमधली एक ओढ सिगारेटसारख्या गुंडाळीच्या ओढीपेक्षा बरीच मोठी असते, आणि तिच्यासाठी काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा गांजा सुरुवातीला पुरे होतो. ज्योत बाउलच्या मधोमध न धरता कडेला टेकवावी, कप्प्यात थोडा धूर जमला की बाउल उचलावा आणि उरलेला धूर स्वच्छ हवेबरोबर सावकाश आत घ्यावा. श्वास रोखून धरू नये. कॅनडातील कमी जोखमीच्या वापराविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही खोल ओढणे आणि श्वास रोखणे टाळण्यास सांगतात, कारण त्याने फुप्फुसांत टार अधिक बसते. त्यानंतर त्या दिवशी गाडी चालवू नये.

ओढ सैल असेल तर: हवेची गळती

बाउलचे छिद्र बोटाने घट्ट बंद करावे आणि तोंडाकडून हलके ओढावे. सर्व ठीक असेल तर हवा अजिबात येणार नाही आणि ओठांना ओढ जाणवेल. हवा येत असेल तर पाण्याकडे पाहावे. बुडबुडे उठत असतील तर गळती बाउल आणि डाउनस्टेम यांच्या सांध्यात आहे, कारण ती हवा नळीतून पाण्याखालून येते. बुडबुडे न उठता हवा येत असेल तर गळती डाउनस्टेम आणि बाँगच्या अंगातील सांध्यात, रबरी कड्यात किंवा पाण्याच्या वरच्या काचेत आहे. काही बाँगना मागे बोटाने झाकण्याचे एक छिद्र मुद्दाम दिलेले असते, ते नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. तेही या वेळी पाहून घ्यावे.

साध्या काचेच्या आणि अॅक्रिलिकच्या स्वस्त बाँगमध्ये डाउनस्टेम रबरी कड्यात बसवलेली असते. वर्षभरात रबर कडक होते, त्याला चिरा जातात आणि तिथून हवा शिरते. हे कडे बदलणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. जुने कडे सोबत आणल्यास माप चुकत नाही. काचेत काच बसणाऱ्या सांध्यांची प्रचलित मापे १०, १४ आणि १८ मिलिमीटर अशी आहेत आणि त्यात आत जाणारा व आत घेणारा असे दोन प्रकार असतात. १४च्या सांध्यात १०चा बाउल टेप गुंडाळून बसवू नये. टेप तापते, तिचा धूर आत जातो आणि गळती तशीच राहते. माप जुळवणारा काचेचा अडॅप्टर मिळतो.

नवी डाउनस्टेम घेताना लांबी घासलेल्या भागाच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत मोजावी. ती बुडाला टेकत असेल तर बाउल बसवताना बसणारा प्रत्येक लहान धक्का थेट बुडाच्या काचेला लागतो, म्हणून खाली अर्धा ते एक सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे.

राळ: खरी साफसफाई

वरील सर्व करूनही ओढ जड असेल, किंवा तीन ओढींच्या चाचणीत डाउनस्टेम अथवा परकोलेटर दोषी ठरला असेल, तर राळ काढावी लागते. राळ तेलकट असते, पाण्यात विरघळत नाही, म्हणून गरम पाणी आणि भांड्याचा साबण वरचा थर तेवढा काढतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल तिला विरघळवते. औषधांच्या दुकानात ते ७० आणि ९९ टक्के अशा दोन रूपांत मिळते. ९९ टक्क्यांचे लवकर काम करते, ७० टक्क्यांनेही काम होते पण वेळ जास्त लागतो.

प्रथम बाँग कोणत्या पदार्थाची आहे ते पाहावे. पुढील कृती काचेसाठी आहे. अॅक्रिलिकला अल्कोहोल लावू नये, त्यावर बारीक जाळीदार चिरा पडतात. तिथे कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश एवढेच चालते. सिलिकॉनची बाँग काचेचे भाग काढून काही तास फ्रीझरमध्ये ठेवावी, राळ कडक होते आणि बाँग वाकवली की पापुद्र्यासारखी सुटते.

काचेच्या बाँगमधले पाणी ओतून ती कोमट पाण्याने विसळावी. येथे एक धोका आहे. हिवाळ्यात बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये ठेवलेली बाँग थेट गरम नळाखाली धरली तर तिला तडा जातो. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश इतकीच प्रसरण पावते, त्यामुळे ती जास्त सोसते, परंतु अमर्याद सोसत नाही. जाड काच अधिक सुरक्षित असते हेही खरे नाही. धक्क्याला ती टिकते, पण आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाच्या तापमानातला फरक जाड काचेत अधिक राहतो आणि ताण वाढतो. बाँग घरात आणून तासभर तशीच ठेवावी आणि मग हात लावावा.

बाउल आणि डाउनस्टेम झिपच्या पिशवीत घालून बुडतील इतके अल्कोहोल ओतावे आणि एक चमचा जाडे मीठ टाकावे. मीठ या अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, त्याचे खडे काचेवर घासले जाऊन राळ खरवडतात; त्यामुळे बारीक मीठ निरुपयोगी ठरते. ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये पाणी असल्यामुळे मिठाचा काही भाग विरघळतो, तेव्हा ते थोडे जास्त टाकावे. बाँगच्या अंगातही एक चतुर्थांश अल्कोहोल आणि मीठ घालून दोन्ही तोंडे सिलिकॉनच्या बुचांनी बंद करावीत, आणि पाच-दहा मिनिटे हलवत राहावे. जुना थर असेल तर सर्व काही अर्धा तास, फारच जुना असेल तर रात्रभर भिजू द्यावे. परकोलेटर असलेल्या कप्प्यात मात्र मीठ टाकू नये. त्याचे खडे बारीक कापांत अडकतात आणि एक अडथळा काढताना दुसरा बसतो. तिथे नुसते अल्कोहोल दोन-तीनदा बदलून वापरावे. वेळ जास्त लागतो, पण दुसरा सुरक्षित उपाय नाही.

अल्कोहोल कधीही गरम करू नये. शुद्ध आयसोप्रोपिलची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे साध्या खोलीत ती ठिणगीची वाट पाहत असते. खिडकी उघडी ठेवावी; शेगडी, उदबत्ती, देवघरातला दिवा आणि सिगारेट दूर असावेत. ब्लीच तर बाँगजवळ आणूच नये, कारण अल्कोहोलबरोबर त्यापासून क्लोरोफॉर्म आणि व्हिनेगरबरोबर क्लोरीन वायू तयार होतो. नेल पॉलिश काढण्याचा द्रवही वापरू नये.

शेवटी भरपूर कोमट पाण्याने पाच-सहा वेळा विसळावे, साबणाने एकदा धुवावे, पुन्हा विसळावे आणि रात्रभर उपडी सुकू द्यावे. अल्कोहोलचा वास शिल्लक असताना लायटर जवळ आणणे हा निव्वळ अविचार आहे. वापरलेले काळे अल्कोहोल मोरीत ओतू नये. झाकणाच्या बाटलीत भरून घरगुती घातक कचरा स्वीकारणाऱ्या महापालिकेच्या किंवा प्रादेशिक केंद्रात द्यावे.

सांधा अडकला असेल तर पिळण्याचा मोह आवरावा. बाँग घेऊन येणाऱ्यांच्या हाताला जखमा मी याच कारणाने पाहिल्या आहेत. सांध्याच्या कडेवर अल्कोहोलचे थेंब सोडून काही तास थांबावे, म्हणजे ते फटीत उतरून राळ सैल करते. मग अल्कोहोल पूर्ण पुसून बाहेरच्या भागावर कोमट पाण्याने भिजवलेले फडके गुंडाळावे; बाहेरची काच किंचित प्रसरण पावते आणि आतली अजून गार असते. जाड हातमोजे घालून दोन्ही भाग सांध्याच्या अगदी जवळ धरावेत आणि हलके डावीकडे-उजवीकडे हलवावे. दोन-तीन फेऱ्यांत सुटला नाही तर थांबावे.

अल्कोहोलने न जाणारा पांढरा थर

हा थर राळेचा नसून चुन्याचा असतो. किचनर-वॉटरलू आणि ग्वेल्फ या भागांत नळाला बव्हंशी भूजल येते आणि ते चुनखडीतून आल्यामुळे चांगलेच जड असते. व्हँकुव्हरला डोंगरातल्या जलाशयांचे मृदू पाणी मिळते, तिथल्या लोकांना हा त्रास फारसा होत नाही. पाणी सुकले की क्षार काचेवर राहतात. पांढऱ्या व्हिनेगरने किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या लिंबूफुलाने अर्ध्या तासात ते निघतात. हा थर नुसता कुरूप नसतो. तो खरखरीत असतो आणि नवी राळ त्याला गुळगुळीत काचेपेक्षा लवकर धरते, म्हणूनच "साफ केले तरी चार दिवसांत पुन्हा काळी" अशी तक्रार करणाऱ्यांच्या बाँगमध्ये मी आधी हा थर शोधतो. त्यानंतर रोजच्या वापरासाठी डिस्टिल्ड पाणी घेतल्यास तो परत बसत नाही.

पुन्हा पुन्हा उद्भवण्याचे मूळ

चुना नसेल आणि तरीही दोष परत येत असेल, तर पाणी रात्रभर बाँगमध्येच राहते आहे असे समजावे. वापरल्यानंतर लगेच राळ मऊ असते आणि गरम पाण्याच्या एका विसळणीने बरीच निघते. सकाळपर्यंत ती काचेला चिकटून कडक होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे साचलेल्या पाण्यात स्यूडोमोनाससारखे जिवाणू आणि बुरशी वाढते, काचेवर बुळबुळीत किंवा गुलाबी थर धरतो, आणि पुढच्या झुरक्याबरोबर त्याचे तुषार थेट फुप्फुसात जातात. म्हणून प्रत्येक वापरानंतर पाणी ओतावे, विसळावे, भाग वेगळे करून सुकू द्यावेत, आणि अल्कोहोलची साफसफाई नियमित वापर असेल तर आठवड्यातून एकदा करावी. चार मित्रांत एकच बाँग फिरत असेल तर प्रत्येकाने स्वतःचा सिलिकॉनचा माउथपीस लावावा. सर्दी-तापच नव्हे तर क्षयही एकाच हवाबंद खोलीत, एकाच नळीवर बसलेल्यांमध्ये पसरू शकतो. कर्करोगावरील उपचार चालू असणाऱ्यांनी किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी धूर घेण्याविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण गांजावरील ॲस्परजिलस बुरशी त्यांच्यासाठी जीवघेणी ठरू शकते.

कधी थांबावे आणि कोणाकडे जावे

बुडाशी पाणी झिरपत असेल, सांध्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसत असेल किंवा ठोका लागल्याजागी चांदणीसारखा तडा असेल, तर ती बाँग त्या क्षणापासून वापरू नये. गोंद, इपॉक्सी आणि टेप यांनी काच जोडू नये. उष्णतेने त्यांची वाफ धुरात मिसळते आणि तडा आत पसरतच राहतो. परकोलेटरचा हात आतल्या आत तुटला असेल तर दुरुस्तीचा विचारही न करता बाँग टाकून द्यावी, कारण काचेचे सूक्ष्म कण कोठे अडकले आहेत ते धुऊनही कळत नाही. टाकताना ती जाड कागदात गुंडाळून वर "फुटकी काच" असे लिहावे.

बाकीची बोरोसिलिकेटची मोडतोड ज्वालेवर काच घडवणारा कारागीर दुरुस्त करू शकतो. तो जोड वितळवून भरतो आणि नंतर बाँग भट्टीत सुमारे ५६० अंशांवर ठेवून सावकाश थंड करतो, म्हणजे काचेत अडकलेला ताण निघून जातो. भट्टी नसलेल्या माणसाकडून जोडलेली काच काही दिवसांनी टेबलावर उभी असताना आपोआप तडकते, म्हणून हा एक प्रश्न आधीच विचारावा. कडेने पाहिल्यास हिरवट झाक दिसणारी साधी काच बहुधा कोणी दुरुस्तीला घेत नाही. कारागिराकडे नेण्यापूर्वी बाँग राळेचा ठिपकाही राहणार नाही इतकी स्वच्छ करावी, नाहीतर ज्वालेत तो ठिपका जळून काचेत कायमचा बसतो आणि बहुतेक कारागीर अशी बाँग परतच पाठवतात. स्वस्त बाँगच्या बाबतीत दुरुस्तीचा आकडा नव्याच्या किमतीपेक्षा जास्त येईल, हे गृहीत धरून चालावे.

मुलाने बाँगमधले पाणी प्यायले असेल तर लक्षणांची वाट न पाहता विषबाधा नियंत्रण केंद्राला फोन करावा. कुत्र्याने किंवा मांजराने प्यायले असेल तर पशुवैद्याकडे न्यावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त पडणे ही ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करण्याची कारणे आहेत. ताप आणि हिरवट कफ, दोन-तीन आठवडे न थांबणारा खोकला, किंवा रोज वापरणाऱ्याला वारंवार होणाऱ्या आणि गरम पाण्याच्या आंघोळीनेच तात्पुरत्या थांबणाऱ्या उलट्या, यांपैकी काहीही असेल तर बाँग बंद करून डॉक्टरांना भेटावे. ऑन्टारिओत ८११ या क्रमांकावर परिचारिकेचा सल्लाही मिळतो. तिथे बाँग वापरतो हे लपवू नये आणि तिच्यात जुने पाणी राहत होते का तेही सांगावे, कारण साध्या खोकल्यासाठी जे तपासले जाते त्यात साचलेल्या पाण्यातील जिवाणू किंवा बुरशी यांचा शोध घेतला जाईलच असे नसते.